बावीस हजार सेंट आणि एक जादा बोट

बाबा अमेरिकेत आले की पहिले पंधरा दिवस बरे जातात. मग ते खिडकीशी उभे राहायला लागतात. न्यू जर्सीतला डिसेंबर, साडेचारलाच अंधार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. डोंबिवलीहून रोज लोकलने फोर्टात जाण्यात ज्याची उमर गेली त्या माणसाला ही शांतता पचत नाही. २०२४ च्या हिवाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात आईने मला ओट्याशी गाठलं. "ह्यांना काहीतरी काम दे बाई. मसाल्याचे डबे तिसऱ्यांदा लावून झालेत."

बाबा छत्तीस वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत होते, त्यातली निम्म्याहून जास्त कॅशवर. म्हणून मला सुचलं ते हे.

माझ्या ऑफिसातला एक जण पाकिटात प्लॅस्टिकच्या चौकोनी कव्हरात एक सेंट घेऊन फिरतो. १९७२ चा. त्याने एकदा दाखवला. नाण्यावर अब्राहम लिंकनचा चेहरा असतो, त्याच्या मानेमागे 'लिबर्टी' लिहिलेलं असतं ते दोनदा होतं, साल दोनदा, डोक्यावरचं 'इन गॉड वुई ट्रस्ट' दोनदा. चष्मा न लावता वाचल्यासारखं. मला वाटलं माझेच डोळे गेले. तो म्हणाला, ही डबल्ड डाय, बँकेतून चिल्लरचे रोल आणून त्यात शोधायची. शेकड्यांत डॉलर मिळतात ह्याचे. ते डोक्यात राहिलं होतं, पण एकटीने करायला धीर होत नव्हता.

तर मी बँकेत गेले आणि सेंटचा एक बॉक्स मागितला. पहिल्या बँकेत नकार मिळाला, धंद्याचं खातं नाही म्हणून. दुसरीत काउंटरवरच्या टेलर बाईंनी विचारलं, "सगळे एक-एक सेंटच हवेत? नक्की?" आणि चार दिवसांनी आतून दोन्ही हातांनी उचलून आणून ठेवला. विटेपेक्षा थोडा मोठा पुठ्ठ्याचा खोका, पण उचलायला गेलं की हात खाली ओढणारा. आत कागदी नळकांड्या, प्रत्येकीत ५० सेंट, अशा ५० नळकांड्या. म्हणजे २,५०० नाणी. पंचवीस डॉलर.

घरी जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाबांनी हात लावून वजनाचा अंदाज घेतला.

"पंचवीस डॉलर देऊन पंचवीस डॉलर आणलेस?"

"हो."

"आणि बघून झाले की बँकेला पंचवीसच देणार?"

"हो. म्हणजे काही सापडलं तर तेवढे कमी."

"मग ह्यात धंदा कुठे आहे?" असं म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

डबल्ड डाय म्हणजे काय, हे त्यांना सांगताना मला स्वतःला पहिल्यांदा नीट कळलं. नाणं पाडायला दोन डाय लागतात, वरची आणि खालची, मध्ये कोरी चकती. डायवर चित्र उलटं आणि खोलगट असतं. पण ते डायवर येतं कुठून? हब नावाचा सुलटा, उठावाचा ठसा असतो, तो पोलादात दाबून. जुन्या पद्धतीत एका दाबात चित्र पुरतं उतरायचं नाही. पहिल्या दाबाने पोलाद कडक होऊन बसायचं, मग ते भट्टीत तापवून मऊ करायचं आणि पुन्हा हबखाली द्यायचं. ह्या दुसऱ्या खेपेला डाय केसभर फिरून बसली, की अक्षरांची एक जोडी इथे आणि एक जरा पलीकडे. अशी डाय कुणाच्या लक्षात न येता यंत्रावर चढली, तर ती झिजेपर्यंत तिच्याखालून निघणारं प्रत्येक नाणं तसंच.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे 'पेड'चा शिक्का. शिक्का करणाऱ्यानेच रबरावर अक्षरं दोनदा काढली, तर दिवसभराच्या सगळ्या व्हाउचरवर दोनदाच येणार. आणि शिक्का चांगला असताना माझा हात घसरला, तर त्या एका व्हाउचरवर."

एवढं सरळ मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. आपल्याला पहिलं हवं असतं. दुसऱ्याला मशीन डबलिंग म्हणतात, ठोका पडून डाय वर उचलली जाताना जरा थरथरली की होतं, आणि ते पावसाळ्यातल्या डासांइतकं मुबलक असतं. त्याला कवडीची किंमत नाही. विकायला ठेवलेल्या 'दुर्मिळ डबल' नाण्यांतली निम्मी तरी हीच असतात, असं माझं आता ठाम मत आहे.

साधनं फार लागली नाहीत. दहा पटीचं भिंग, सोनार डोळ्याला लावतात तसं. मान वळणारा टेबललॅम्प. स्वयंपाकघरातला ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा. आईने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि वर बजावलं की ह्या हातांनी कुणी पोळीच्या डब्याला शिवायचं नाही. बरोबरच होतं तिचं. चार रोल झाले की बोटं काळी-हिरवी होतात आणि एक वास येतो, पितळी घंटेला हात लावल्यावर येतो तसा, त्यात भर कुणाच्या तरी खिशाची. मी हौसेने संगणकाला जोडायचा सूक्ष्मदर्शकही घेतला होता. तो आठ दिवसांत खणात गेला. पन्नास-शंभर पट मोठं केलं की प्रत्येक अक्षराला सावली पडते आणि प्रत्येक नाणं डबल दिसतं. दहा पटीत जे दिसत नाही ते शोधूच नये.

पहिल्या बॉक्सला आम्हाला पाच संध्याकाळी लागल्या. मी सालं वाचत होते, बाबा ढीग लावत होते. अमेरिकन सेंट १९८२ पर्यंत ९५ टक्के तांब्याचा, ३.११ ग्रॅमचा. त्याच वर्षी मध्येच तो बदलला, आत जस्त आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा, वजन २.५ ग्रॅम. त्यामुळे १९८२ सालचा सेंट हातात आला की तो कुठला, हे काट्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही. मी दोन-तीन ठेवले. बाबांनी तिसऱ्यानंतर काटा बाजूला सरकवला. नाणं अंगठ्याच्या नखावर घेतलं, वीतभर उडवलं आणि टेबलाच्या उघड्या कडेवर पडू दिलं. तांब्याचा टणक, लांबलेला आवाज, खण्ण. दुसरं टाकलं. बद्द. जसं काही लाकडाची चकती पडली. मग एका ओळीत अकरा नाणी, न बघता, खण्ण इकडे, बद्द तिकडे. मी मागाहून सगळी काट्यावर घातली. एकही चुकलं नव्हतं. नाणं वाजवून घेणं हे मी आजवर फक्त भाषेत ऐकलं होतं.

टांकसाळीच्या खुणांचंही त्यांना पटकन जमलं, कारण सवय होती. सालाखाली हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका नोएडा, आणि काहीच नसलं तर कोलकाता, हे त्यांना तोंडपाठ. इथे 'डी' डेन्व्हर, 'एस' सॅन फ्रान्सिस्को आणि काहीच नसलं तर फिलाडेल्फिया. "म्हणजे फिलाडेल्फिया हे इथलं कोलकाता," म्हणाले. फक्त २०१७ मध्ये फिलाडेल्फियाने सेंटवर 'पी' घातला होता, टांकसाळीला २२५ वर्षं झाली म्हणून. तेवढा एक अपवाद त्यांनी वहीत लिहून ठेवला.

पहिल्या बॉक्सचा हिशेब: डबल्ड डाय शून्य. मागच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या असलेले, १९५८ पर्यंतचे सेंट सात. कॅनडाचे चार. एक युरो सेंट. एक दहा सेंटचं नाणं, कुणाच्या तरी हिशेबात नऊ सेंटची खोट गेलेली. आई म्हणाली, "पाच दिवसांत नऊ सेंट कमावले."

दुसऱ्या बॉक्सपासून बाबांनी पद्धत बदलली. एकाने बघायचं आणि दुसऱ्याने तपासायचं. बँकेत मेकर आणि चेकर असतो, एकाच माणसाच्या सहीवर काही सुटत नाही. मी म्हटलं, बाबा, वेळ दुप्पट लागेल. "तुला कुठे जायचंय ह्या थंडीत?"

आणि मग तो १९६९-एस.

तिसऱ्या बॉक्समधला असावा. बाबा मेकर होते. ते थांबले, भिंग काढलं, चष्मा पुसला, पुन्हा भिंग लावलं. काही न बोलता नाणं माझ्याकडे सरकवलं. साल दोनदा. 'लिबर्टी' दोनदा. खाली 'एस'.

इथे थोडं मागे जायला हवं. सेंटच्या डबल्ड डायमध्ये सगळ्यात प्रसिद्ध १९५५ ची. फिलाडेल्फियात पाडली गेली, लक्षात येईतो ती नाणी बाकीच्या ढिगात मिसळून गेली होती, आणि वीस हजारांहून जास्त बाहेर पडली. त्यातली बरीच सापडली ती सिगारेटच्या पाकिटांत. तेव्हा पाकीट २३ सेंटला होतं आणि यंत्रात पाव डॉलरच जायचा, म्हणून पाकिटाच्या वरच्या पारदर्शक कागदात दोन सेंट सुटे घालून ठेवत. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती आईला, माझ्या नवऱ्याला आणि फोनवर डोंबिवलीच्या शेजाऱ्यांना सांगितली. पण १९५५ हजार डॉलरच्या पुढे असली तरी ती बऱ्याच जणांकडे आहे. १९६९-एस फारच थोड्यांकडे. ती सापडायला लागली त्याच सुमारास कुणीतरी १९६९ च्या खोट्या डबल्ड डाय करून बाजारात सोडल्या होत्या, त्यामुळे खोटं चलन पकडणाऱ्या सरकारी सीक्रेट सर्व्हिसने सुरुवातीला खरी नाणीसुद्धा खोटी समजून जप्त केली. आज खरी १९६९-एस चांगल्या स्थितीत मिळाली तर डॉलरचा आकडा पाच अंकी असतो.

हे सगळं मला माहीत होतं आणि बाबांना नव्हतं. त्यामुळे ते शांत होते आणि माझ्या हातातलं भिंग हलत होतं. नाणं वळवलं. दिव्याची दिशा बदलली. साल दोनदाच. नवऱ्याला वरून हाक मारली. तो आला, त्याने पाहिलं, म्हणाला, "अरे हो, दिसतंय की." आईनेसुद्धा गॅस बंद केला.

मग बाबांनी विचारलं, "तो 'एस' पण दोनदा आहे, तो चालतो का?"

पाहिलं. होता. 'एस'ला खालच्या अंगाला चपटी पायरी, आणि तशीच पायरी सालाच्या आकड्यांना, त्याच दिशेला. मी भिंग खाली ठेवलं. त्या काळी टांकसाळीचं अक्षर हबवर नसायचं. डाय तयार झाली की मग एक कारागीर ते वेगळ्या पंचाने ठोकून बसवायचा. हबखाली डाय फिरली म्हणून अक्षरं दोनदा आली असतील, तर नंतर बसवलेल्या 'एस'ला त्याचा काही संबंध नाही, तो एकटाच असायला हवा. 'एस'सकट सगळंच एका दिशेला सरकलंय म्हणजे ते ठोका पडताना सरकलं.

"हात घसरला," बाबा म्हणाले.

"हात घसरला."

आईने गॅस पेटवला. बाबांनी ते नाणं टाकलं नाही, वहीच्या कव्हरात ठेवलं. त्या दिवसापासून माझी नजर जी बसली ती बसली. मशीन डबलिंगमध्ये अक्षराची कड कापली जाऊन बाजूला चपटी, चकचकीत पायरी पडते, आणि उरलेलं अक्षर आधीपेक्षा बारीक होतं. खऱ्या डबल्ड डायमध्ये काही कापलं जात नाही, भर पडते. अक्षर जाड होतं, दोन्ही प्रतींना गोलाई असते, आणि अक्षराच्या पायाच्या टोकाला बारीक खाच दिसते, चिमणीच्या शेपटीला असते तशी. वाचून हे मला आधीही येत होतं. पण त्या 'एस'ची पायरी पाहिल्यावर पुन्हा कधी फसले नाही. म्हणजे जस्ताच्या सेंटवरच्या मुलाम्याच्या चिरांनी दोन-चारदा फसवलं, पण ते वेगळं.

एक मूर्खपणाही झाला, तो सांगून टाकते. जानेवारीत मी एका विक्रेत्याकडून 'न उघडलेले, न तपासलेले' म्हणून जुने तीन रोल मागवले. रोलच्या तोंडाशी लिंकनच्याही आधीचा, पिसांचा मुकुट घातलेला सेंट दिसत होता. आत १९४० आणि ५० च्या दशकातले सगळ्यात सामान्य, झिजलेले सेंट, आणि तोंडाशी तेवढा एक मुद्दाम लावलेला. बाबांनी रोलची कागदी घडी पाहूनच सांगितलं की ही पुन्हा वळलेली आहे. गड्डीच्या वरच्या नोटा कोऱ्या आणि मधल्या सटरफटर, असा तो प्रकार. पैसे किती गेले ते आईला अजून माहीत नाही.

आणि आईचाही एक पराक्रम. पहिल्या बॉक्समधले ते सात ओंबीवाले सेंट मी बशीत काढून ठेवले होते. एका रविवारी ऑफिसच्या कामात होते, खाली आले तर बशीत सात लखलखीत गुलाबी नाणी. आईने चिंच आणि मीठ लावून घासली होती, देवाची भांडी घासतात तशी. "किती काळी झाली होती गं." नाण्यांच्या लोकांना नाणं धुतलं म्हटलं की घाम फुटतो, कारण पन्नास-साठ वर्षांनी आलेला तो तपकिरी रंग एकदा गेला की परत येत नाही आणि किंमतही जाते. बाबांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, बोलू नकोस म्हणून. सातही देव्हाऱ्यात आहेत, चांगली दिसतात.

९ फेब्रुवारीला बातमी आली की राष्ट्राध्यक्षांनी नवे सेंट पाडणं थांबवायला सांगितलंय. एक सेंट पाडायला २०२४ च्या आर्थिक वर्षात ३.६९ सेंट खर्च येत होता. बाबांना हे अन्यायाचं वाटलं. एवढं शिकून घेतलं आणि हे बंद करणार. त्याच आठवड्यात मी एक दिवस रजा टाकली आणि त्यांना फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत घेऊन गेले. फुकट असतं, वरच्या गॅलरीतून काचेपलीकडे खाली कारखाना दिसतो. बाबा एका जागी इतका वेळ उभे राहिले की पहारेकरी दोनदा बघून गेला. परत येताना गाडीत म्हणाले, "फोर्टात रिझर्व्ह बँकेत रेमिटन्स घेऊन गेलो की समोर टांकसाळ. इतकी वर्षं. एकदा आत जावं असं मनात आलं नाही."

पहिला खरा डबल्ड डाय सहाव्या बॉक्समध्ये मिळाला, आणि तो मी सोडून दिलेल्या ढिगात होता. मी मेकर, बाबा चेकर. त्यांनी माझ्या 'काही नाही' ढिगातून एक उचलला, दिव्याखाली तिरका केला. "बाई, हा तू पाहिलास?" १९९५, फिलाडेल्फिया. 'लिबर्टी'ची अक्षरं फुगलेली, 'इन गॉड' स्पष्ट दोनदा, साल मात्र साधं. पायरी नाही. खाच आहे. मी पाहिला होता, पण सालाकडे बघून पुढे गेले होते. १९६९ ने मला सालाकडेच बघायची सवय लावली होती. १९९५ तशी सापडण्यातली आहे, वापरलेल्या स्थितीत दहा-वीस डॉलरच्या वर कुणी देणार नाही. पण पंधरा हजार नाणी हातातून गेल्यावर मिळालेली. रात्री साडेअकराला आम्ही चहा केला.

त्या चहावर बाबांनी जो प्रश्न काढला त्याने उरलेला हिवाळा वेगळा गेला. "आपण गल्लोगल्लीची व्हाउचरं चाळतोय. प्रत्येक वेगळ्या शाखेचं, वेगळ्या सालचं. एकाच दिवसाचा, एकाच शिक्क्याचा गठ्ठा मिळत नाही का?"

मिळतो. टांकसाळीतून निघालेली, कुणी न वापरलेली नाणी ज्यात भरलीत असे रोल. लोक ते तसेच जपून ठेवतात आणि वर्षांनी विकतात. ह्यात नशिबाचा खेळ उलटा असतो. वापरातल्या रोलमध्ये पन्नास नाणी पन्नास ठिकाणची, एखादं लागलं तर लागलं. नव्या रोलमध्ये बरीचशी भावंडं असतात, एकाच डायखालून पाठोपाठ निघालेली. त्यामुळे बहुतेक रोल कोरे जातात, पण एक लागला की त्यात अनेक लागतात.

साल कुठलं घ्यायचं, हा प्रश्न नव्हता. २००९. लिंकनच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी सेंटची मागची बाजू चार प्रकारची होती: लाकडी झोपडी, ओंडक्यावर बसून वाचणारा तरुण लिंकन, वकील लिंकन, आणि अर्धवट बांधलेला कॅपिटॉलचा घुमट. ह्यातल्या वाचणाऱ्या लिंकनच्या डबल्ड डाय डझनावारी नोंदलेल्या आहेत. तोवर टांकसाळीने दोनदा दाबायची पद्धत सोडली होती, हबचा एकच जोरकस दाब. मग डबल व्हायलाच नको. पण कोऱ्या डायचं तोंड सपाट नसतं, शंकूसारखं जरा उंच असतं. दाब सुरू होताना ती किंचित कलती असली, तर मधल्या उंचवट्यावर चित्राचा पहिला स्पर्श एका जागी उठतो आणि मग ती सरळ बसते. राहतो तो ठसा मधोमधच, अक्षरांना काही होत नाही. म्हणून अलीकडच्या नाण्यांत कडेची अक्षरं वाचत बसणं फुकट. मध्यभाग बघायचा. आणि ह्या सेंटच्या मध्यभागी काय येतं, तर वाचणाऱ्या मुलाचा हात आणि पुस्तक.

गावातल्या नाण्यांच्या दुकानातून दोन रोल घेतले, पन्नास सेंटच्या कितीतरी पट किमतीला. ह्या वेळी बाबांनी आधी कागदाची घडी तपासली. धुतलेले हात, नाणी फक्त कडेने धरायची. पहिला रोल, शून्य. दुसरा फोडला. चादरीवर दहा-दहाच्या पाच ओळी लावल्या, पन्नासही नाणी केशरी, अजून डाग न पडलेली. बाबा वरच्या ओळीपासून निघाले, मी खालच्या. माझ्या तिसऱ्या नाण्यात पुस्तक धरलेल्या हाताला अंगठ्याखाली एक बारीकशी उंच रेघ दिसली. गोल. बोटासारखी. काही बोलले नाही. पाचव्यात तीच. सहाव्यात नाही. आठव्यात तीच, आणि पुस्तकाच्या वर एक केसाएवढा उभा ओरखडा, तो तिसऱ्यात होता का म्हणून परत जाऊन पाहिलं. होता. त्याच जागी.

"बाबा, तुमच्याकडे हाताला बोटं किती?"

"कुणाच्या? त्याच्या? मी मघापासून तेच मोजतोय," ते म्हणाले. "चार नाण्यांत एक जास्त आहे. आणि वर एक ओरखडा."

एकोणीस निघाले. पन्नासांत एकोणीस, प्रत्येकाला तेच जादा बोट, तोच ओरखडा. आम्ही ते वेगळे लावले. बाबांनी एकेक करून सगळे पुन्हा भिंगाखाली घेतले, मी आधीच पाहिलेले असूनही, आणि प्रत्येक खाली ठेवताना शिक्का मारल्यासारखं बोट टेबलावर टेकवत होते. काय किंमत? एकेकाचे काही डॉलर. रोलचे पैसे सुटले आणि वर पिझ्झा आला. दहा विकले, नऊ ठेवले.

एप्रिलमध्ये जायच्या आधी सगळी चिल्लर परत करायची होती. जिथून बॉक्स आणतो त्या बँकेत तीच चिल्लर नेऊन ओतायची नाही, असा ह्या छंदातला अलिखित नियम आहे, नाहीतर तुमचीच नाणी फिरून तुमच्याकडे येतात आणि टेलर बाईंचंही डोकं जातं. दुसऱ्या एका बँकेत मोजायचं यंत्र होतं. तिथे बाबांनी पिशव्या रिकाम्या केल्या आणि पावती घेऊन घरी टेबलाशी बसले. नऊ बॉक्स, २२५ डॉलर. उणे ठेवलेले, उणे देव्हाऱ्यातले, उणे कॅनडा. तीन सेंट कमी. दुपारभर गादी उचलून, चादर झटकून बघणं झालं. तिन्ही दिवाणखान्यातल्या गालिच्याखाली निघाले. मग त्यांनी वहीत रेघ मारली आणि सही केली.

१२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात वापरातला शेवटचा सेंट पाडला गेला. त्याआधीच माझ्या बँकेत बॉक्स मिळणं बंद झालं होतं. टेलर बाईंनी दुरूनच हात हलवून नाही म्हटलं. मी बाबांना फोन करून सांगितलं. ते हूं म्हणाले आणि त्यांनी विषय बदलला.

दोन दिवसांनी त्यांचा फोटो आला. डोंबिवलीच्या घरातला पाट, त्यावर माझं दहा पटीचं भिंग (मला वाटत होतं ते माझ्याच खणात आहे), शेजारी बँकेतून आणलेली पाच रुपयांच्या शंभर नाण्यांची प्लॅस्टिकची पिशवी, फोडलेली. पुढे एका नाण्याचा जवळून काढलेला फोटो. साल दोनदा. सालाखालचा हिराही दोनदा.

मी लिहायला घेतलं की बाबा, हिरा बघा, पण त्यांचाच निरोप आधी आला.

"पायरी आहे. बघितली मी. तरी पाठवला. अजून ब्याऐंशी बाकी आहेत, आणि चेकर मिळत नाहीये. तुझी आई चिंच घेऊन बसली आहे."